चायपत्तीतले अँटीऑक्सिडंट आणि रक्तवाहिन्या: तालुक्याच्या बाजारातल्या पुड्यांची पारख

यवतमाळ, अमरावती, चंद्रपूरकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी किराणा दुकानात आता चायपत्तीच्या दोन फळ्या असतात. खालच्या फळीवर पाव-अर्धा किलोच्या सीटीसी (दाणेदार) पत्तीच्या पुड्या आणि सुट्या पत्तीचा डबा. वरच्या फळीवर, ओट्स आणि मधाच्या शेजारी, हिरव्या खोक्यांची रांग. खोक्यावर हृदयाचं चित्र, ‘अँटीऑक्सिडंटने भरपूर’ अशी ओळ, आणि किलोचा हिशेब केला तर आठ-दहापट भाव. खालच्या फळीवरची पत्तीही त्याच झाडाची आहे, हे मात्र त्या खोक्यावर कुठं लिहिलेलं नसतं.

निकाल आधीच सांगून टाकतो. रक्तवाहिन्यांसाठी म्हणून चाय प्यायची असेल तर चांगल्या सीटीसी पत्तीची कोरी बिनसाखरेची चाय आणि सुटी हिरवी पत्ती, या दोनच गोष्टींत पैसा वसूल होतो. टी-बॅग चालतील, पण महाग पडतात. ‘हार्ट केअर’ मिश्रणं, लेमन-टीची पावडर आणि ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल घेऊ नका. आणि एक चीज फळीवर नाहीच, ती वावराच्या धुऱ्यावर आहे: लाल अंबाडी. तिच्याबद्दल पुढे.

खोक्यावरचा दावा कुठवर खरा

चायच्या कोवळ्या पानात कॅटेचिन जातीची पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी अँटीऑक्सिडंट रसायनं असतात; त्यातलं मुख्य ईजीसीजी. पान खुडल्याबरोबर त्याला वाफ दिली किंवा कढईत परतलं की पानातलं एन्झाइम निकामी होतं आणि कॅटेचिन तशीच टिकतात. ही झाली ग्रीन टी. पान कोमेजू दिलं, चिरडलं आणि हवेत ठेवलं की हीच कॅटेचिन एकमेकांना जोडली जाऊन थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन बनतात. काळ्या चायचा तांबडा रंग आणि तुरटपणा त्यांचाच. सीटीसी म्हणजे दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, गोळी करणं. १९३० च्या सुमारास आसामात निघालेली पद्धत. म्हणजे काळ्या पत्तीत कॅटेचिन बरीच कमी होतात हे खरं, पण पॉलिफेनॉल नाहीशी होत नाहीत, त्यांचं रूप बदलतं.

हे सगळे पदार्थ परीक्षानळीत फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, टिपतात, त्यात वाद नाही. घोळ पुढे होतो. कप प्याल्यानंतर तास-दोन तासांत रक्तात त्यांची पातळी जेमतेम वर येते, तीही फार थोडी, आणि काही तासांत पुन्हा खाली जाते. शरीराच्या स्वतःच्या युरिक ॲसिडसारख्या अँटीऑक्सिडंटपुढे हा साठा अगदीच किरकोळ. म्हणून ‘एका कपात अमुक युनिट अँटीऑक्सिडंट’ असला आकडा छापलेला दिसला तर तो सोडून द्या. अमेरिकेच्या कृषी खात्यानेही ‘ओरॅक’ नावाच्या अशा आकड्यांचा तक्ता २०१२ मध्ये आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरातल्या परिणामाचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय फक्त अँटीऑक्सिडंट पोटात गेल्याने धमन्या वाचत असत्या तर व्हिटॅमिन ई च्या गोळ्यांनी वाचल्या असत्या. मोठ्या चाचण्यांत त्या गोळ्या हृदयविकार टाळण्यात नापास झाल्या.

मग चायचा धमन्यांशी संबंध येतो कुठं? धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो, एंडोथेलियम. रक्ताचा प्रवाह वाढला की हा थर नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि धमनी सैल होते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. मधुमेह, तंबाखू, उच्च रक्तदाब यांनी हा थर आळशी होतो, आणि धमनीत चरबी साचायला सुरुवात होण्याच्या किती तरी आधी होतो. चायमधली पॉलिफेनॉल या पेशींना नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतात, असं दिसतं. ते मोजायची रीतही सोपी आहे: दंडाला पट्टा बांधून पाच मिनिटं रक्तप्रवाह अडवायचा, पट्टा सोडायचा आणि धमनी किती टक्के रुंदावली ते सोनोग्राफीने बघायचं.

बोस्टनमध्ये २००१ साली हृदयविकाराच्या रुग्णांवर याच पद्धतीने चाचणी झाली. एका वेळी ४५० मिली काळी चाय, आणि नंतर रोज ९०० मिली अशी चार आठवडे. दोन्ही वेळा धमनीचं रुंदावणं सुधारलं. अशा अनेक चाचण्या एकत्र केल्यावर रोज सुमारे ५०० मिली चायने हे रुंदावणं सरासरी २.६ टक्के-अंकांनी वाढतं असं निघालं. रक्तदाबावर परिणाम लहान आहे: तीन महिने किंवा जास्त काळ नियमित घेतली तर वरचा आकडा दोनेक अंशांनी उतरतो. ग्रीन टीने एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉलही काही मिलिग्रॅमनेच उतरतं. रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीची जागा चाय घेत नाही. कोणी दुकानदार तसं सांगत असेल तर त्याच्याकडून फक्त साबण घ्या.

लोकसंख्येच्या अभ्यासांत फायदा जरा मोठा दिसतो. जपानच्या मियागी प्रांतात चाळीस हजारांवर लोकांचा मागोवा घेतला गेला. दिवसाला पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू कमी होते, बायकांत जास्त ठळकपणे. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांच्या अभ्यासात, २०२२ साली, दिवसाला दोन किंवा जास्त कप काळी चाय पिणाऱ्यांत एकूण मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी आढळला. पण जो पाच कप ग्रीन टी पितो तो मासळीही खातो, चालतोही. अशा अभ्यासातून कारण सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २००६ मध्ये ‘ग्रीन टीने हृदयविकाराचा धोका कमी होतो’ असं लेबलवर छापायला परवानगी नाकारली ती याच कारणाने. थोडक्यात, फायदा आहे, पण बेताचा. त्या बेताच्या फायद्यासाठी किती पैसे मोजायचे, एवढाच इथला प्रश्न.

सीटीसी पत्ती: सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत वाया जाणारी

चांगली सीटीसी पत्ती साधारण ४०० ते ५५० रुपये किलोने मिळते. एका कपाला दोन ते अडीच ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा. खर्च सव्वा रुपयाच्या आसपास. बोस्टनच्या चाचणीत होती ती काळी चायच, त्यामुळे पत्तीच्या दर्जाबद्दल मनात कमीपणा आणायचं काही कारण नाही. वाया जाते ती गंजात, म्हणजे चायच्या पातेल्यात.

आपल्याकडची रीत अशी: अर्धं पाणी, अर्धं दूध, साखर सुरुवातीलाच, पत्ती टाकली की उकळी, खाली बसवून पुन्हा उकळी, आणि पाहुणे उशिरा आले तर तीच चाय परत गॅसवर. दुधाबद्दल दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. बर्लिनमध्ये २००७ साली सोळा बायकांवर केलेल्या चाचणीत अर्धा लिटर काळ्या चायने धमनी रुंदावली, पण तिच्यात फक्त दहा टक्के साय काढलेलं दूध घातल्यावर तो परिणाम पुसला गेला. दुधातलं केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलना बांधून ठेवतं असा त्यांचा निष्कर्ष. वेल्समध्ये दूध घालून चाय पिणाऱ्या पुरुषांत चायचा फायदा दिसला नव्हता, तर हॉलंडमधल्या म्हाताऱ्या पुरुषांत दिसला होता. उलट काही चाचण्यांत दूध घालूनही रक्तातली कॅटेचिनची पातळी तेवढीच भरली, आणि वर सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासात दूध घालणाऱ्यांतही धोका कमीच होता. आमचं मत असं की बर्लिनमध्ये दहा टक्के दूध होतं, आपल्या गंजात पन्नास टक्के असतं. तेव्हा दुधाची चाय चवीसाठी प्या, धमन्यांच्या हिशेबात धरू नका. दिवसाच्या चार कपांतले दोन कोरे केले तरी काम भागतं.

साखरेबद्दल मात्र दुमत नाही. दोन चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम. चार कपांत ३२ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि त्यात बिस्किटं, टोस्ट, बुंदी सगळं आलं. चायने दोन अंश कमावलेला रक्तदाब साखरेने वाढवलेल्या वजनापुढे टिकत नाही.

कोरी चाय कडू लागते अशी तक्रार असते. ती पत्तीची नसून उकळण्याची असते. एका कपाला १५० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, मग पत्ती टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. सीटीसीचा दाणा बारीक असल्याने पहिल्या दोन-तीन मिनिटांतच बहुतेक माल उतरतो. त्यापुढे उकळलं की तुरट भाग वाढत जातो, तो झाकायला साखर वाढते. कोऱ्या चायला धूळपत्ती घेऊ नका, मोठा दाणा मागा. धूळपत्ती दुधाच्या चायसाठी बनलेली असते, कोरी केली की घसा धरते. लिंबू पिळलं की रंग फिकट होतो, त्यात बिघाड काही नाही. आंबटपणाने थिआरुबिजिनचा रंग बदलतो एवढंच.

टपरीवर कोरी मागताना अडचण वेगळीच. तिथं पत्ती, साखर, आलं एकाच पातेल्यात सकाळपासून चढलेलं असतं. ‘भाऊ, एक काळी, बिनसाखरेची’ म्हटलं की दूध वगळून तेच गोड पाणी गाळून मिळतं. म्हणून वेगळ्या भांड्यात नवं पाणी चढवायला लावा, नाहीतर घरीच प्या. रंग लवकर यावा म्हणून कुठं कुठं चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि कॅटेचिन झपाट्याने मोडतात. चाय एकदम काळीकुट्ट आणि चवीला बुळबुळीत लागली तर सोडा समजा.

सुटी पत्ती घेताना भेसळ तपासा, ते पाच मिनिटांचं काम आहे. फिल्टर पेपरवर किंवा कोऱ्या शोषकागदावर चिमूटभर पत्ती पसरवा, पाण्याचे थेंब शिंपडून ओली करा, पत्ती झटका, कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरा. लगेच ठळक तपकिरी डाग पडले तर वापरलेली पत्ती वाळवून वरून रंग चढवलेला आहे. दुसरी परीक्षा लोहचुंबकाची: पत्ती कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा. एखाद-दुसरा कण चिकटला तर घाबरू नका, सीटीसीच्या रुळांची झीज असते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरण किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत लोखंडाचा चुरा चालवून घेतं. चुंबकाला मिशा फुटल्या तर पुडी परत करा. वापरलेल्या पत्तीत पॉलिफेनॉल फारशी उरलेली नसतात, म्हणून ही परीक्षा इथं मुद्द्याची आहे.

हिरवी खोकी आणि सुटी हिरवी पत्ती

२५ बॅगांचं खोकं दीडशे ते पावणेदोनशे रुपयांना. एका बॅगेत साधारण १.३ ते १.४ ग्रॅम पत्ती. खोक्यात एकूण जेमतेम ३५ ग्रॅम. दीडशे धरले तरी भाव किलोला चार हजारांच्या वर जातो. त्या पैशात दार्जिलिंगची चांगली पत्ती येते. बॅगेत भरलेला असतो तो पानाचा बारीक चुरा. तो लवकर उतरतो हे खरं, पण तेवढाच लवकर शिळाही होतो. बॅग दोनदा वापरायची सवय असेल तर दुसऱ्या कपात रंगीत पाणी आणि समाधान एवढंच मिळतं.

सुटी हिरवी पत्ती, आसाम, निलगिरी किंवा कांग्राची, हजार रुपये किलोच्या आसपास मिळते. तालुक्याला नेहमी मिळत नाही; नागपूर, अमरावती, अकोल्याला चायपत्तीच्या घाऊक दुकानात मिळते, नाहीतर टपालाने मागवा. दोन ग्रॅमचा कप दोन रुपयांना पडतो. पान चिमटीत घेतल्यावर गुंडाळलेलं, हिरवट-करडं दिसायला हवं आणि गवतासारखा वास यायला हवा. तपकिरी झालेलं, वाळल्या पाचोळ्याच्या वासाचं असेल तर वर्षभर दुकानात पडलेलं आहे. ताज्या, नीट उतरवलेल्या कपात ईजीसीजी ५० ते १०० मिलिग्रॅमच्या घरात असतं.

ग्रीन टी बिघडते ती बहुतेक वेळा उकळत्या पाण्याने. ७५ ते ८० अंश हवं. थर्मामीटर नको: तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठातलं पाणी एकत्र केलं की बरोबर ८० अंशांच्या आसपास येतं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी घेतलं तर ते स्वतःच चाळीस अंशांचं असतं, मिश्रण ८४-८५ वर जातं; म्हणून माठातलंच घ्या. १५० ते २०० मिलीला दोन ग्रॅम, म्हणजे मोठ्या पानाचा शिगोशीग चमचा. दोन ते तीन मिनिटं. याहून जास्त ठेवलं तर कडू, आणि कडू लागलं की मध पडतो. मध म्हणजे साखरच. पानं काढून न टाकता कप समोर ठेवून तासभर घोट घोट पिण्याची सवय त्यातलीच.

लिंबाचा उपयोग इथं नुसता चवीचा नाही. कॅटेचिन आतड्यातल्या अल्कधर्मी वातावरणात मोडतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००७ साली कृत्रिम पचनाच्या प्रयोगात लिंबूवर्गीय रस घातल्यावर कितीतरी जास्त कॅटेचिन टिकली, त्यातही लिंबाने सगळ्यांत जास्त. प्रयोग काचेतला आहे, माणसातला नव्हे, पण अकोल्या-बुलढाण्याचं कागदी लिंबू घरात असताना पाच-सहा थेंब पिळायला जातं काय? वरुड-काटोलकडे संत्र्याचा रस घालणारे भेटतील, त्यानेही चालतं. फक्त रस ताजा हवा, बाटलीतलं सरबत नको.

वैशाख-ज्येष्ठात गरम चाय नकोशी झाली तर थंड पाण्यात उतरवा: एक लिटरला सहा ग्रॅम हिरवी पत्ती, काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये रात्रभर. सकाळी गाळून दिवसभरात संपवा. कडूपणा आणि कॅफीन दोन्ही कमी उतरतात. फ्रिज नसेल तर हा उद्योग करू नका. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलेलं पत्तीचं पाणी आंबतं.

पाण्याची बाब

बोअरच्या जड पाण्यात चायवर चमकदार साय धरते, कपाला काळी रेघ पडते. ती साय म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि चायची पॉलिफेनॉल यांचं मिळून झालेलं पापुद्र्यासारखं संयुग. म्हणजे ज्यासाठी पत्ती आणली त्यातलं थोडं वर तरंगतं. लिंबाचे थेंब टाकले की साय धरत नाही. गावात आरओचं पाणी मिळत असेल तर चायसाठी तेच वापरा.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत फ्लोराइडवाल्या विहिरींच्या गावांत याहून गंभीर गोष्ट आहे. चायचं झाड जमिनीतून फ्लोराइड ओढून पानात साठवतं, जून पानात जास्त, म्हणून स्वस्त पत्तीतही जास्त. पिण्याच्या पाण्यात आपल्याकडे लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५. चायच्या पाण्यात एकट्या पत्तीतूनच त्याहून जास्त उतरू शकतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट घट्ट होतं. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असलेल्या गावात दिवसाला पाच-सहा कप कोरी चाय हा सल्ला आम्ही देणार नाही. दोन कप, आरओच्या पाण्यात, बस.

जे घेऊ नये

‘हार्ट केअर’, ‘डिटॉक्स’, ‘स्लिम’ अशा नावांच्या मिश्रणांचं खोकं उलटं करून घटकांची यादी वाचा. कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिलं नाव गवती चहा, दुसरं तुळस, तिसरं ज्येष्ठमध आणि ग्रीन टी चौथ्या-पाचव्या जागी असेल तर ग्रीन टीचे पैसे देऊ नका. गवती चहा परसात फुकट आहे. वास छान, पण त्यात कॅटेचिन नाहीत. ज्येष्ठमधावर मुद्दाम बोट ठेवा: ते नियमित आणि भरपूर घेतलं तर शरीरातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब वाढतो. हृदयाचं चित्र असलेल्या खोक्यात ज्येष्ठमध घालणाऱ्याची कमाल आहे.

लेमन-टीची पावडर म्हणजे साखर, आंबट, सुगंध आणि नावापुरता चायचा अर्क. दूध-पावडर असलेलं झटपट मिश्रण प्रवासात ठीक.

मेडिकलमध्ये वजन कमी करायला म्हणून मिळणाऱ्या ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूलला आम्ही शून्य देतो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ साली तपासून सांगितलं की अशा पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं की यकृताची एन्झाइम वाढल्याचं आढळतं. उपाशीपोटी घेतलं तर धोका जास्त. कपातून एवढं एकदम पोटात जात नाही, कॅप्सूलमधून सहज जातं. त्यात दारूने किंवा काविळीने आधीच यकृत बिघडलेलं असेल तर विचारायलाच नको.

धुऱ्यावरची लाल अंबाडी

विदर्भात चायची लागवड नाही. चिखलदऱ्याला कॉफी होते तेवढीच. पण लाल अंबाडी कपाशी-तुरीच्या धुऱ्यावर असते. भाजी, चटणी, शरबत सगळ्यांना माहीत आहे. तिच्या बोंडाभोवतीच्या लाल, जाड पाकळ्यांचं (खरं तर ती फुलाखालची निदलं) गरम पाणी शहरात ‘हिबिस्कस टी’ म्हणून विकतात. ही खरी चाय नाही, वेगळं झाड आहे, लाल रंग अँथोसायनिनचा. पण रक्तदाबावरचा पुरावा ग्रीन टीपेक्षा ठळक आहे. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात २०१० मध्ये थोडा वाढलेला रक्तदाब असलेल्या ६५ जणांवर चाचणी झाली: १.२५ ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या २४० मिली पाण्यात, दिवसातून तीनदा, सहा आठवडे. वरचा आकडा सरासरी ७.२ अंशांनी उतरला. नुसतं रंगीत-सुगंधी पाणी घेणाऱ्यांचा १.३ ने.

बनवायची रीत: फूल गळून बोंड भरलं की पाकळ्या सोडवून घ्या, बी काढा. सावलीत, कापडावर, चार-पाच दिवस वाळवा. टिनावर कडक उन्हात वाळवल्या तर रंग तपकिरी होतो, आणि रंग गेला की कामाचा भाग गेला. कपाला चिमूटभर, उकळतं पाणी ओतून सहा मिनिटं झाकून ठेवा. स्टील किंवा काच वापरा. आंबट असल्याने ॲल्युमिनियमच्या गंजात करू नका. हिरव्या बोंडाची, वाखाची अंबाडी यासाठी उपयोगाची नाही. आणि ज्या धुऱ्यालगतच्या कपाशीवर फवारणी झाली त्या धुऱ्याची बोंडं घेऊ नका, धुऊनही नको. घरच्या परसात चार झाडं लावा. गरोदर बायकांनी टाळावी. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दोन्हींचा परिणाम मिळून दाब जास्त उतरू शकतो, म्हणून डॉक्टरला सांगून, महिनाभर दाब मोजत घ्या.

नदीकाठच्या अर्जुनाची साल बाजारात चायसारखी विकतात. आयुर्वेदात तिचा क्षीरपाक करतात: एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, दूध उरेपर्यंत आटवायचं. छातीत दुखण्यावर लहान चाचण्या झाल्या आहेत, पण ते औषध आहे. टी-बॅगेत भरून चिमूटभर सालीने तो परिणाम येणार नाही, आणि पूर्ण मात्रेत घ्यायची तर वैद्याच्या देखरेखीत घ्यावी.

कोणी सांभाळून

चायची टॅनिन धान्य-भाजीतलं लोह बांधून ठेवतात. आपल्याकडे बायकांत आणि पोरींत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की हा मुद्दा धमन्यांच्याही आधीचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना जेवणाआधी आणि नंतर निदान एक तास चाय टाळा म्हणतात. भाकर आणि चाय एकत्र खाऊन वावरात जाण्याची रीत असेल तर आधी भाकर, मग तासाने चाय. लोहाची गोळी चायसोबत घेणं म्हणजे गोळी वाया घालवणं. कोरी चाय दुधाच्या चायइतकीच, किंबहुना जास्त, लोह अडवते.

व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करायची वॉर्फरिन किंवा असेनोकूमारॉल ही गोळी चालू असेल तर ग्रीन टी अचानक सुरू करू नका, अचानक बंदही करू नका. पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, बिघडू शकतो. झोप नसेल तर संध्याकाळी पाचनंतर नको. एका कपात ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. टपरीवर एका हातात कोरी चाय आणि दुसऱ्या हातात घोटलेली खर्र्याची पन्नी असेल तर या लेखातली एकही मात्रा लागू होत नाही. चाय एंडोथेलियमला जे दोन-अडीच टक्के देते त्याच्या कितीतरी पट तंबाखू काढून घेते. अशा गिऱ्हाइकाने हिरव्या खोक्याचे दीडशे रुपये वाचवावेत.

किती घ्यायचं, कसं ठेवायचं

चार मोठ्या माणसांच्या घरात प्रत्येकी दोन कोरे कप धरले तर महिन्याला सीटीसी अर्धा किलो पुरते. दुधाची चाय वेगळी. हिरवी पत्ती एकट्यासाठी १०० ग्रॅमपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नका, ती दोन कपांच्या हिशेबाने पंचवीस दिवस जाते. ग्रीन टी साधारण तापमानालाच सहा महिन्यांत जवळपास तिसरा हिस्सा कॅटेचिन गमावते. टिनाच्या छपराखालच्या दुकानात उन्हाळाभर राहिलेल्या खोक्याचं काय होत असेल ते उघड आहे. म्हणून ‘बेस्ट बिफोर’ बघू नका, पॅकिंगची तारीख बघा आणि चार-पाच महिन्यांच्या आतलंच घ्या. जून-जुलैत घेत असाल तर शक्यतो मार्चनंतर पॅक झालेलं. घरी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब. काचेची बरणी शोभेची आहे, उजेडाने पत्ती खराब होते. पावसाळ्यात ओला चमचा आत गेला तर पत्तीच्या गाठी होतात आणि बुरशी धरते. गाठ दिसली की चाळत बसू नका, पूर्ण डबा गुलाबाच्या कुंडीत रिकामा करा.